मामाच्या डब्याचा खालचा कप्पा

बातमी आली तेव्हा मी पेणच्या छापखान्यात प्रुफं तपासत बसले होते. जेवणाची सुट्टी संपून यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. दारात एसटीचा खाकी शर्ट दिसला आणि मला वाटलं, मामाच आला. पण तो गायकवाड होता, मामाच्या गाडीचा ड्रायव्हर. एरवी उंबऱ्यावरूनच "ताई, च्या पाजा" म्हणणारा माणूस आज आत येऊन टेबलापाशी उभा राहिला. त्याच्या हातात मामाचा जेवणाचा डबा होता. "रोह्याला जेवले," तो म्हणाला. "मला म्हणाले, जरा पाठ टेकतो, गाडी लागली की उठव. गाडी लागली, ताई..." पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती. मी डबा हातात घेतला. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, कडीपाशी पोचा आलेला. नाकाजवळ न नेताही त्याला सुकटीचा वास येत होता.

त्या क्षणी मला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते वेगळंच, आणि ते लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. मला हायसं वाटलं. मामा गेला याचं नव्हे, तो केव्हा गेला याचं. बरोबर पाच दिवसांपूर्वी सुनीताचा दहावीचा निकाल लागला होता, ती पास झाली होती, आणि ते मामाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सहा दिवस आधी गेला असता तर एक ओझं छातीवर घेऊन गेला असता. त्यातलं अर्धं ओझं माझं होतं. आता सात आठवडे झालेत, रडून झालंय, आणि तरी त्याची आठवण आली की आधी तेच वाटतं... सुटलो. दोघंही सुटलो.

माझा मामा, बाळाराम म्हात्रे, पेण-रोहे गाडीवर कंडक्टर होता. आमचं गाव पेणहून धरमतरच्या अंगाला, खाडीला लागून. घरटी एक माणूस तरी मिठागरावर. माझे वडीलही तिथलेच, पण त्यांचं दुसरं काम होतं मिठागर कामगारांची पत्रकं वाटण्याचं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. माझी बाराखडी त्यांच्यावर झाली. 'मागण्या' हा शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचला. पुढे मीच पत्रकं लिहायला लागले. जे दिसेल त्यावर लिहायचे. स्टँडवरचा बंद नळ, रेशनच्या दुकानाची वेळ, दवाखान्यात न येणारा डॉक्टर. मामाला माझं भारी कौतुक. आमच्या गावात तो एकटाच सरकारी पगाराचा माणूस, पण पत्रकांचा गठ्ठा दिला की तिकिटाबरोबर एकेक प्रवाशाच्या हातात ठेवायचा. कोणी विचारलं हे काय, तर म्हणायचा, "वाचा. भाचीनं लिवलंय. फुकाट हाय." स्वतः मात्र त्यातलं एकही वाचायचा नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. तीनेक वर्षांपूर्वी पेणमध्ये 'इंटरनेट' हा शब्द ऐकू यायला लागला. ज्यांच्याकडे फोन होता आणि घरात संगणक होता, अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी. डॉक्टरांचं एक, एक-दोन वकिलांची, कारखान्याच्या साहेबांची काही. आमच्या खाडीकाठच्या गावात फोनची तार सरपंचाच्या ओटीपर्यंत येऊन थांबली होती, आणि तोही फोन पाऊस लागला की चार महिने मुका. पण शाळा सगळ्यांची एकच. त्या शाळेत नववीला विज्ञानाचा प्रकल्प असायचा आणि त्याला गुण असायचे. ज्यांच्या घरी इंटरनेट होतं ती मुलं छापून आणलेल्या पानांची जाडजूड फाईल देत. परदेशातली माहिती, चित्रं, सगळं सुबक. आमच्या गावची मुलं पाठ्यपुस्तकातला धडाच वहीत उतरवून काढत, कारण दुसरं उतरवायचं कशातून? फाईलवाल्यांना गुण भरपूर, वहीवाल्यांना पास होण्यापुरते. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. चार दिवसांत पत्रक तयार. वरती ठळक अक्षरात: 'घरात तार नाही म्हणून मार्क नाहीत?' आणि खाली एकच मागणी, दोनदा अधोरेखित: इंटरनेटवरून छापून आणलेलं एकही पान शाळेने स्वीकारू नये.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पत्रक शाळेच्या दारात, स्टँडवर, आणि अर्थातच मामाच्या गाडीत वाटलं गेलं. गावोगावचे पालक शाळेत जाऊन बसले. मुख्याध्यापकांनी नियम केला, प्रकल्प हाताने लिहिलेला हवा, इंटरनेटचं पान सापडलं तर शून्य. आमची एक मागणी इतक्या झटक्यात मान्य झाल्याचं मला तरी आठवत नाही. मी मामाला सांगायला स्टँडवर गेले. तो तिकिटांची पेटी बगलेत मारून गाडीला टेकून उभा होता. "मामा, जिंकलो," मी म्हटलं. "जिंकलीस ना? मंग झालं तर," तो म्हणाला, आणि मला दोन केळी दिली. काय जिंकलो, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या दोन केळ्यांपाशी टळलं असतं.

कारण तेव्हा मला माहीत नव्हतं की मामा एक वेगळंच काम करत होता. ते असं सुरू झालं होतं. रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमीत नाझनीन नावाची एक मुलगी राहते. तेव्हा ती अकरावीत होती. तिचा भाऊ कुवेतला असतो, त्याने घरी संगणक घेऊन दिला, फोनला जोडून दिला. ती आठवड्यातून एकदा क्लासला पेणला यायची, मामाच्या गाडीने. एकदा तिच्या हातात लांबच लांब घडीचा कागद मामाने पाहिला, दोन्ही कडांना भोकं असलेला. "ह्ये काय गो पोरी, पताका लावायच्यात?" तिने सांगितलं, की फोनच्या तारेतून जगातलं काहीही विचारता येतं आणि उत्तर असं कागदावर येतं. मामा नागोठण्यापर्यंत विचार करत होता. मग तिच्या बाकापाशी येऊन म्हणाला, "आमच्या गावात पोरं हायत. त्यांना लई प्रश्न पडतात. तू इचारशील?"

झालं. गावची मुलं पेणच्या शाळेत येताना मामाकडे चिठ्ठ्या द्यायला लागली. मामा त्या रोह्याला नेऊन स्टँडवरच्या फळवाल्याकडे ठेवायचा, नाझनीनचे अब्बा तिथून न्यायचे. दोन-तीन दिवसांनी उत्तरं त्याच वाटेने परत. नाझनीन प्रत्येक उत्तराला मूळ चिठ्ठी टाचून द्यायची, म्हणजे कोणाचं कोणतं हे कळावं. तिची नानी ओरडायची, की या पोरीचं मशीन सारखं फोनवर बसलेलं असतं आणि कुवेतचा फोन लागत नाही. मशीन जोडताना जो आवाज करतं त्याला नानी म्हणायची, "घ्या, टाकला बांगडा कढईत." आणि हे सगळं टपाल ये-जा करायचं मामाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यातून. प्रवाशांच्या गर्दीत खिशातले कागद चुरगळतात, पेटीत ठेवले तर तपासणीला साहेब आला की पंचाईत. मामाने तोड काढली. खालच्या कप्प्यात पूर्वी सुकटीची चटणी असायची. ती त्याने वर भाकरीच्या सोबतीला पाठवली आणि खालचा कप्पा घासून मोकळा केला. कप्पा मोकळा झाला, वास गेला नाही. कित्येक वर्षांची सुकट ती. मुलं उत्तर हातात आलं की आधी हुंगायची आणि मग वाचायची.

सुनीता आमच्या शेजारची. आई-बाप दोघं मिठागरावर. हंगाम सुरू झाला की घर बंद करून आगरातल्या झोपडीत राहायचं, उन्हाळा संपेपर्यंत. मोठ्या दोन बहिणींची शाळा तशीच सुटली होती. सुनीता नववीला होती आणि तिला एकच वाट होती. पेणमधल्या मुलींच्या वसतिगृहात दहावीसाठी जागा मिळाली तर ती शिकणार, नाहीतर आगरात. जागा नववीच्या गुणांवर मिळायची, आणि त्यात प्रकल्पाचे गुण होते. तिने प्रकल्प घेतला मिठाचा. तिच्या चिठ्ठीतला प्रश्न मामाने मला नंतर जसाच्या तसा सांगितला: 'मीठ धरायच्या आधी वाफ्यातलं पाणी लालसर का होतं?' तिच्या बापाचं उत्तर होतं, "पानी पिकतं." विज्ञानाच्या पुस्तकात उत्तरच नव्हतं. नाझनीनने शोधून पाठवलं, इंग्रजीत दोन पानं. खूप खारट पाण्यात राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांचा तो रंग. सुनीताने शब्दकोश घेऊन महिनाभर ती दोन पानं फोडली, आगरात जाऊन रोज पाण्याचा रंग लिहून ठेवला, आणि नियमाप्रमाणे सगळा प्रकल्प हाताने लिहिला. फक्त एक चूक केली. छापलेली पानं वहीच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवली. फेकवली नाहीत तिला.

विज्ञान शिकवणाऱ्या करंदीकरबाई वह्या तपासत होत्या. शिस्तीच्या, पण दुष्ट मुळीच नव्हेत. त्यांनी वही उघडली आणि नाकाला पदर लावला. "सुनीता, वहीत काय ठेवलंयस? डबा सांडला का?" वर्ग हसला. बाईंनी वही झटकली आणि पुठ्ठ्यातून पानं खाली पडली. दोन्ही कडांना भोकं असलेली. मग हसायला काही उरलं नाही. नियम होता. शून्य.

ती पानं मामाने आणली होती आणि नियम मी आणला होता. हे कळायला मला दोन दिवस लागले. मामा सुट्टीच्या दिवशी माझ्या पेणच्या खोलीवर आला. खाकी घातली नव्हती, त्यामुळे एकदम म्हातारा दिसत होता. खिशातून माझं पत्रक काढून त्याने माझ्यापुढे धरलं. "पमे, ह्ये तू लिवलंस?" मी हो म्हटलं. "ह्यात लिवलंय की छापलेलं पान चालायचं नाय." मी म्हटलं, "मामा, हे तूच तर वाटलंस गाडीत." तो खाली बसला. "वाटलं. वाचलं नव्हतं. म्हटलं, भाचीनं लिवलंय म्हंजे बरोबरच असंल..." त्याने पत्रकाची घडी घातली. "एकाच गाडीत होतं गो. हातात तुझी पत्रकं, डब्यात पोरीची पानं. दोन्ही मीच न्हेली."

मी तेव्हा काय केलं हे सांगायला हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. मी कागद ओढला आणि दुसरं पत्रक लिहायला घेतलं. बाईंच्या विरोधात. मामाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "बाईचं काय चुकलं? तू मागितलंस, तिनं दिलं."

"मग काय, गप्प बसायचं?"

"गप कशाला? तिच्या घरी जाऊ. बोलू. तुला कागदावरच भांडता येतं काय?"

ते मला लागलं. आजही आठवलं की कान गरम होतात. मी गरिबांच्या मुलांसाठी लिहिलं होतं, पण एकाही मुलाला विचारलं नव्हतं की तू काय करतोस, तुझं कसं चाललंय. मी धरूनच चालले होते की आमच्या मुलांपर्यंत इंटरनेट पोचूच शकत नाही. ते पोचलं होतं. रोज, पेण-रोहे गाडीने, सुकटीच्या वासात. आणि डॉक्टरांच्या मुलाची वाट अडवायला घातलेल्या बांधात अडकली ती आमचीच सुनीता. डॉक्टरांच्या मुलाचं काही बिघडलं नाही. त्याने छापील पानं कोणाकडून तरी सुंदर अक्षरात लिहून घेतली.

आम्ही तिघं बाईंच्या घरी गेलो. मामा, मी आणि सुनीता. गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत घर. दोन्ही बाजूंना रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, त्यांच्यामधून सुनीता एक बाटली सांभाळत चालली होती. आगरातल्या लाल पाण्याची. ती आणायची कल्पना मामाची. बाईंनी दार उघडलं, मला पाहून त्यांचा चेहरा कडक झाला. "तुम्ही पत्रकवाल्या ना? आता नियम नको झाला का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाला, "बाई, चूक माझ्या डब्याची हाय. वास त्याचा. पोरीनं सगळं हातानं लिवलंय."

"पण माहिती इंटरनेटवरची ना?"

"व्हय. आन तुमची पुस्तकातली. पुस्तक तरी पोरीनं कुठं छापलंय?"

बाई हसल्या नाहीत, पण आम्हाला आत घेतलं. नियम एकीसाठी मोडता येणार नाही, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. उद्या डॉक्टर दारात येऊन उभे राहतील. मी मान्य केलं. मीच तो नियम मागितला होता, तो नेमका आमच्या मुलीसाठी सैल करा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. मामा बाटलीकडे बघत होता. मग तो म्हणाला, "बाई, गाडीत मी तिकीट देतो. पैसं कुठनं आनलं ते नाय इचारत. पैसं हायत का, आन कुठं जायचं ते इचारतो. तुम्ही पन इचारा की. सगळ्या पोरांना. उभं करून. वही मिटून. कुठनं आनलं ते सोडा, कळलं काय ते सांग म्हणा."

बाईंनी चष्मा काढला. मग सुनीताला म्हणाल्या, "सांग बघू. हे पाणी लाल का?" सुनीताने मामाकडे पाहिलं. "माझ्याकडं काय बगतेस? मला नाय ठावं," मामा म्हणाला. आणि ती बोलायला लागली. आगरात पाणी कसं घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडतात, ऊन चढतं तसा खारटपणा कसा वाढतो, कोणत्या दिवशी रंग चढला, ढग आले त्या दिवशी काय झालं, त्या बारीक जिवांना खारट पाणीच का मानवतं. चहा निवला. बाई मध्ये दोनदा प्रश्न विचारायला गेल्या आणि दोन्हीदा म्हणाल्या, "नाही, तू बोल." शेवटी त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मी चौदा वर्षं या तालुक्यात विज्ञान शिकवतेय. हे पाणी मी कधी पाहिलंच नव्हतं."

पुढच्या आठवड्यात सगळ्या नववीची तोंडी परीक्षा झाली. प्रकल्प कुठूनही आणा, पण वही मिटून समजावून सांगा. डॉक्टरांच्या मुलाने ज्वालामुखीवर फाईल दिली होती. आपल्या जिल्ह्यात तो कुठे आहे असं विचारल्यावर त्याने महाड सांगितलं. पण दोन-तीन साहेबांच्या मुलांनी छान सांगितलं, आणि आमच्या गावच्या दोघांची बोबडी वळली, हेही लिहिलं पाहिजे. सुनीताला पूर्ण गुण. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं. नियम बदलल्यावर बाईंनी वर्गात एक खोका ठेवला, चिठ्ठ्यांसाठी. मुलं त्याला 'रोह्याची पेटी' म्हणतात. माझ्या त्या पत्रकाचे उरलेले गठ्ठे माझ्या खोलीत धूळ खात होते. मामाने ते मागून नेले, एकेकाचे चार तुकडे केले आणि मुलांना दिले. मागची बाजू कोरी असते, चिठ्ठीला कागद बरा, म्हणाला. मी त्याला म्हटलं, निदान डबा तरी नवा घे. तो म्हणाला, "ह्याच डब्यानं घान केली, ह्यानंच निस्तरायची. पोरगी धावी पास होऊ दे, मंग बगू वासाचं."

कारण त्या शून्याची गोष्ट कानावर गेल्यापासून सुनीताच्या बापाचा शाळेवरचा विश्वास उडाला होता, आणि त्याने अट घातली होती. एक वर्ष दिलं. पास झाली तर पुढचं बघू, नापास झाली तर सरळ आगरात, पुन्हा शाळेचं नाव नको. आणि मामाने ते वर्ष स्वतः परीक्षेला बसल्यासारखं काढलं. सुनीताचं गणित कच्चं होतं. गाडी पेणच्या स्टँडवर आली की मामा दहा मिनिटांत वसतिगृहाच्या फाटकापर्यंत जाऊन विचारून यायचा, "बेरजा जमतात का गो?" ती चिडायची, "मामा, बेरजा नाय, बीजगणित." तो म्हणायचा, "तेच ते. जमतंय का?" मला भेटला की विषय तोच. "नापास झाली तर आपल्या दोघांमुळं, पमे." मी म्हणायचे, माझ्यामुळे. तो म्हणायचा, माझ्या डब्यामुळे. ही आमची भांडणं वर्षभर चालली, आणि दोघांनाही माघार घ्यायची नव्हती.

निकालाच्या दिवशी मी शाळेत गेले होते. सुनीता गुणपत्रिका घेऊन बाहेर आली आणि तिने कागद माझ्या हातात दिला. सगळे विषय सुटले होते, गणितसुद्धा. आम्ही दोघी स्टँडवर पळालो. रोह्याची गाडी नुकतीच लागत होती. मामा दारातच उभा होता, उतरणाऱ्यांना वाट देत. सुनीताने खालूनच सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "गनित पन?" "गनित पन, मामा." मग त्याने घंटीची दोरी ओढली, दोनदा, गाडी जागेवर उभी असताना. गायकवाडने चमकून मागे पाहिलं. मामा त्याला म्हणाला, "कायी नाय रे. अशीच." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सुटलो गो, पमे." मी त्याला जिवंत पाहिलं ते शेवटचं.

त्याच्या तेराव्यानंतर नाझनीन आणि तिचे अब्बा आमच्या गावी आले. त्याच गाडीने रोह्याहून पेणला, तिथून पुढे. नाझनीनने मामाचं घर पहिल्यांदाच पाहिलं. मामीने तिला जवळ बसवून घेतलं. डबा कोनाड्यात होता. वरचा कप्पा मामीने धुऊन ठेवला होता, खालचा उघडलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "त्यो पोरांचा. त्यात मी कधी हात घातला नाय." नाझनीनने डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्यात एक उत्तर आहे. चाचा गेले त्या दिवशीच मी दिलं होतं. पण ते पोरांचं नाही. चाचा म्हणाले होते, हा मोठ्या माणसाचा प्रश्न आहे, हसायचं नाही."

मामीने डबा माझ्यापुढे सरकवला. मी कडी काढली. आत अर्ध्या पानाचं उत्तर होतं आणि त्याला टाचलेली चिठ्ठी. माझ्याच पत्रकाचा चतकोर तुकडा, छापील बाजूला '...म्हणून मार्क नाहीत?' एवढंच उरलेलं. मागे मामाचं अक्षर, तिकिटाच्या हिशेबाचे आकडे लिहिण्यात घट्ट झालेलं. 'स्टीलच्या डब्याचा सुकटीचा वास कसा घालवावा?' वर तारीख होती, सुनीताच्या निकालानंतरच्या दिवसाची.

मी मोठ्याने वाचलं. मामी म्हणाली, "काय लिवलंय उत्तरात?" नाझनीनने सांगितलं, "लिंबू चोळायचं. आणि उन्हात ठेवायचं." मामीने कपाळावर हात मारला. "तीस वरसं सांगतेय, लिंबू लाव, लिंबू लाव. माझं आयकलं नाय. जगाला इचारलं." आणि ती हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्हीही हसलो. नाझनीनसुद्धा, न हसण्याचं वचन दिलेलं असूनही.

मी आजही पत्रकं लिहिते, आणि यावर लिहिणं सोडलेलं नाही. एका कंडक्टरच्या जेवणाच्या डब्यावर खाडीकाठच्या मुलांचं शिक्षण चालावं, ही काही मिरवायची गोष्ट नाही. ज्या शाळेत प्रकल्प मागता त्या शाळेत संगणक असला पाहिजे, त्याला तार असली पाहिजे, आणि शाळा सुटल्यावर ती खोली उघडी असली पाहिजे. ही मागणी मी या वेळी मुलांना विचारून लिहिली. सुनीताने मसुदा वाचून दोन ओळी कापल्या. ती आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेला. बापाने परवानगी दिली. एवढंच म्हणाला की पाणी का पिकतं ते तिला ठाऊक आहे, तर तिने आगरात येऊन काय करायचं.

संगणक येईल तेव्हा येईल. तोवर डबा चालू आहे. मामाच्या जागी आलेला कंडक्टर कर्जतकडचा आहे, सुकट खात नाही, पण आठवड्यातून तीनदा डबा नेतो आणि आणतो, नाक थोडं वाकडं करून. उरलेले दिवस डबा मामीच्या कोनाड्यात असतो. परवा गेले तेव्हा त्याच्याशेजारी एक लिंबू ठेवलेलं दिसलं. मी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आनलंय. त्यानं इचारलंय म्हटल्यावर आनायला नको?"

लिंबू सुकत चाललंय. अजून चिरलेलं नाही.